सॅम्पलर निवडताना: जंगल कोणाचे, आवाज कोणाचा?

१/
दिवाळीनंतर धान घरी येते आणि झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम उघडतो. त्याच्या आधीच्या महिन्यांत गाणी आणि पार्श्वसंगीत करणारी मित्रमंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात: "घरच्या स्टुडिओसाठी सगळ्या कामाला चालेल असा सॅम्पलर कोणता घ्यावा?" या प्रश्नाचे बाजारात ठरलेले उत्तर आहे: ज्यात सर्वांत जास्त आवाज भरलेले, तो. हे उत्तर चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का चुकीचे, हे सांगण्यासाठी हा धागा. यात यंत्राचा इतिहास आहे, आपल्या जंगलाचा इतिहास आहे आणि शेवटी नावानिशी शिफारसही आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी शब्द स्पष्ट करू. सॅम्पलर म्हणजे ध्वनिमुद्रित आवाजाचे वाद्य करणारे यंत्र किंवा सॉफ्टवेअर. डफाची एक थाप मुद्रित करा, ती कीबोर्डच्या एका पट्टीला जोडा. पट्टी दाबली की थाप वाजते. सिंथेसायझर आवाज विजेतून किंवा गणितातून घडवतो. सॅम्पलर कोणीतरी, कुठेतरी प्रत्यक्ष काढलेला आवाज परत वाजवतो. हा भेद लक्षात ठेवावा. सॅम्पलरमधील प्रत्येक आवाजामागे एक वाद्य, एक हात आणि एक जागा असते. म्हणून 'हा आवाज कोणाचा' हा प्रश्न येथे टाळता येत नाही.

३/
बाहेरच्या वाचकांसाठी थोडे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. दंडार, खडी गंमत अशा लोकनाट्यांच्या पायावर येथे रात्रभर चालणारी व्यावसायिक रंगभूमी उभी राहिली. मंडई आणि शंकरपट यांच्याशी तिचे नाते जुने आहे. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे तिचे केंद्र. २०२३ मध्ये या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. गाण्यावाचून झाडीपट्टीचे नाटक उभे राहत नाही. त्यामुळे येथील घरगुती स्टुडिओकडे केवळ हौस म्हणून पाहता येत नाही. अनेकांच्या पोटाचा तो भाग आहे.

४/
या रंगमंचावर एकेकाळी ऑर्गन आणि तबला असे. आज कीबोर्ड आहे, ऑक्टोपॅड आहे, लॅपटॉप आहे. या बदलाला माझी हरकत नाही. हरकत वेगळ्या गोष्टीला आहे. जिवती-राजुऱ्याच्या बाजूला आजही तुडुम, पेपरे आणि डफ वाजतात. परधानांची किंगरी आहे. भामरागड-एटापल्लीकडे ढोल आहे, रेला आहे. आणि या जंगलातले गाव रंगमंचावर दाखवायचे झाले की स्पीकरमधून ऐकू येतो तो कुठला तरी काँगा किंवा जपानी ताइको. वाद्य दहा कोसांवर असताना त्याची नक्कल सातासमुद्रापलीकडून का यावी? याचे उत्तर वादकांच्या आळसात शोधू नये. ते यंत्राच्या यादीत आहे.

५/
१९९१ साली 'जनरल मिडी' नावाचे प्रमाण ठरले. कोणत्याही कंपनीचा कीबोर्ड असो, अमुक क्रमांकावर अमुकच आवाज, अशी ही १२८ आवाजांची यादी. आठ-आठ आवाजांची सोळा कुटुंबे. पहिले संपूर्ण कुटुंब पियानो आणि त्याच्या भाऊबंदांचे. क्रमांक १०५ ते ११२ या कुटुंबाचे नाव 'एथ्निक', म्हणजे 'वांशिक'. त्यात सतार, बँजो, शामिसेन, कोतो, कलिंबा, बॅगपाइप, फिडल आणि शहनाई एकत्र कोंबलेली. एका बाजूला पियानोच्या आठ छटा. दुसऱ्या बाजूला आशिया, आफ्रिका आणि युरोप-अमेरिकेतील खेडी मिळून आठ वाद्ये.

६/
या यादीत तबला नाही. ढोलकी नाही. मृदंग नाही. तालवाद्यांसाठी जो स्वतंत्र ४७ आवाजांचा तक्ता आहे, त्यात बोंगो, काँगा, मराकस, कुईका सगळे सापडते. भारतीय चर्मवाद्य एकही नाही. मात्र १२८ व्या क्रमांकावर बंदुकीची गोळी आहे. पुढे भारतीय बाजारासाठी तबला-ढोलक असलेले कीबोर्ड आले, हे खरे. पण त्यांनी यादी थोडी वाढवली. यादी करण्याचा अधिकार जिथे होता तिथेच राहिला. तुडुम तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. तो कोणी तरी टाकेल अशी वाट पाहणे हा ग्राहकाचा मार्ग झाला. वाद्य करणाऱ्याचा मार्ग दुसरा आहे, आणि सॅम्पलर मुळात त्यासाठीच जन्मला होता.

७/
तो जन्म पाहू. १९६३ मध्ये इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे मेलोट्रॉन तयार झाला. प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा. पट्टी दाबली की फीत सरकते आणि व्हायोलिन किंवा बासरीचा मुद्रित स्वर सुमारे आठ सेकंद वाजतो. मूळ कल्पना अमेरिकेतील हॅरी चेंबरलिन यांच्या वाद्याची. येथे आवाज कारखान्यात भरलेले येत. वाजवणारा ते वापरे. स्वतःचे आवाज भरणे त्याच्या सहज आवाक्यात नव्हते.

८/
१९७९ मध्ये सिडनीतील पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी फेअरलाइट सीएमआय आणला आणि चित्र पालटले. या यंत्राला माइक लावता येत असे. भांडे आपटा, कुत्रा भुंकू द्या, पाणी ओता. एखाद्या सेकंदाचा तो आवाज लगेच कीबोर्डवर येई. किंमत मात्र मोजक्या श्रीमंत कलावंतांनाच परवडणारी. १९८१ मध्ये अमेरिकेतील ई-म्यू कंपनीचा इम्युलेटर आला, १९८६ मध्ये जपानच्या अकाईचा एस९००, १९८८ मध्ये एस१००० आणि एमपीसी६०. स्मृती तुटपुंजी, पडदा बोटभर. पण प्रत्येक यंत्राला बाहेरचा आवाज आत घेण्याचे छिद्र होते, आणि तेच त्याचे मुख्य वैशिष्ट्य मानले जाई.

९/
१९९८ मध्ये गिगासॅम्पलर आला. त्याने आवाज संगणकाच्या स्मृतीत न कोंबता थेट हार्डडिस्कवरून वाजवायला सुरुवात केली. त्यामुळे एक जीबीच्या आसपासचा पियानो शक्य झाला, जो त्या काळी अचाट वाटे. पाठोपाठ एमॅजिकचा ईएक्सएस२४, स्टाइनबर्गचा हॅलिऑन आणि २००२ मध्ये बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा कॉन्टॅक्ट आला. तंत्राच्या दृष्टीने ही मोठी झेप होती. पण याच काळात वापराची दिशा उलटली. माइकचे छिद्र मागे पडले आणि कपाट पुढे आले. सॅम्पलर म्हणजे आवाज घेण्याचे साधन, हा अर्थ मावळला. विकत घेतलेले आवाज वाजवण्याचे साधन, हा अर्थ रूढ झाला.

१०/
'कोणत्या सॅम्पलरमध्ये जास्त आवाज?' हा प्रश्न या दुसऱ्या अर्थातून आला आहे. तो विचारणारा माणूस नकळत मेलोट्रॉनच्या काळात परत गेलेला असतो: कारखान्याने भरून दिलेले तेवढेच वाजवायचे. माझा पहिला मुद्दा एवढाच. अष्टपैलुत्व कपाटाच्या आकारावरून मोजू नये. तुमच्या परिसरातला आवाज आत घेऊन त्याचे खरे, वाजवण्याजोगे वाद्य करण्याची क्षमता किती, यावरून मोजावे.

११/
दुसरा मुद्दा त्या कपाटातील खणांच्या नावांचा. पियानोच्या खणावर बनवणाऱ्याचे नाव असते, कधी कधी ज्या सभागृहात तो मुद्रित झाला त्याचेही. शेजारच्या खणावर लिहिलेले असते 'ट्रायबल ड्रम्स'. कोणत्या जमातीचे? कोणत्या गावचे? कोणी वाजवले? बहुतेक वेळा उत्तर नसते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही मांडणी ओळखीची वाटते. चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसूल बंदोबस्ताचा मेजर ल्युसी स्मिथ यांचा अहवाल १८६९ चा. मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचे रसेल आणि हिरालाल यांचे चार खंड १९१६ चे. माहितीची खाण म्हणून आम्ही आजही ते उघडतो. पण तेथे माणसे वर्णनाचा विषय म्हणून येतात. बोलणारी म्हणून क्वचित.

१२/
नाव काढून टाकले की वस्तू कच्चा माल होते. हे आपल्या दोन जिल्ह्यांना कोणी शिकवायला नको. १८७८ च्या वन कायद्याने जंगलाची राखीव, संरक्षित आणि ग्रामवन अशी वर्गवारी केली. राखीव शब्दाचा व्यवहारातला अर्थ असा की पिढ्यान्‌पिढ्या जंगल वापरणारा माणूस त्याच जंगलात परवानगी मागणारा झाला. स्वातंत्र्यानंतरही येथील बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात राहिला. ज्या गावाच्या शिवारात बांबू उगवला, त्या गावाला त्याची किंमत ठरवण्याचा अधिकार नव्हता.

१३/
२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले आणि त्यावरील मालकी ग्रामस्थांची मानली. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती होता. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केले. मालकी कागदावर असणे आणि माल बाहेर पाठवण्याची मुद्रा स्वतःच्या हाती असणे, या दोन गोष्टींत किती अंतर असते ते मेंढ्याने दाखवून दिले.

१४/
आवाजाचे तसेच आहे. एक दाखला जगाच्या दुसऱ्या टोकाचा. १९७० मध्ये ह्यूगो झेम्प या संशोधकाने सॉलोमन बेटांपैकी मलैता बेटावर अफुनाक्वा नावाच्या स्त्रीचे एक अंगाईगीत मुद्रित केले. ते युनेस्कोच्या एका संग्रहात आले. १९९२ मध्ये 'डीप फॉरेस्ट' या फ्रेंच जोडीने तिचा आवाज सॅम्पल करून 'स्वीट ललाबाय' हे गाणे केले. ते जगभर गाजले, जाहिरातींत वापरले गेले. त्या अल्बमची ओळख मात्र मध्य आफ्रिकेतील पिग्मी लोकांच्या संगीताशी जोडली गेली. परिणामी १९९६ मध्ये नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांनी तीच चाल वाजवली तेव्हा शीर्षक दिले 'पिग्मी ललाबाय'.

१५/
प्रशांत महासागरातील एका स्त्रीचा आवाज चार वर्षांत आफ्रिकेचा झाला. झेम्प यांनी अशा वापराला आपली संमती नव्हती, असे १९९६ मध्ये जाहीरपणे लिहिले. अफुनाक्वा यांना तर कोणी विचारलेच नव्हते. येथे कोणी दुष्ट होता असे म्हणायची गरज नाही. सॅम्पलला नाव-गाव चिकटलेले नव्हते, एवढे पुरेसे ठरले. उद्या एखाद्या परदेशी संग्रहात 'इंडियन जंगल ड्रम' नावाने आपला ढोल आला, तर तो भामरागडचा होता हे आपण कशाच्या आधारे सांगणार?

१६/
कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने 'कलावंताचा हक्क' आला. कलावंताच्या व्याख्येत गायक-वादकांबरोबर गारुडीही आहे, हे आवर्जून सांगतो. हा हक्क ५० वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने कलावंताला आपले नाव जोडले जाण्याचा नैतिक हक्कही दिला. पण ध्वनिमुद्रणाची मालकी सर्वसाधारणपणे 'निर्मात्या'ची, म्हणजे ज्याने मुद्रण घडवून आणले त्याची. मित्रहो, घरच्या स्टुडिओत माइक लावणारे तुम्ही येथे निर्माता आहात. म्हणजे या व्यवहारात वनखात्याच्या खुर्चीवर तुम्ही बसलेले आहात. त्या खुर्चीवर बसून कसे वागायचे, हे ठरवावे लागेल.

१७/
आता निवडीकडे. सॅम्पलर घेण्यापूर्वी त्याला पाच प्रश्न विचारावेत.
पहिला: माझे मुद्रण याच्यात सहज जाते का? फाइल ओढून टाकली, मूळ स्वर सांगितला, कोणत्या पट्टीपासून कोणत्या पट्टीपर्यंत वाजेल ते ठरवले, लांब स्वराचा मधला भाग पुन्हा पुन्हा फिरवला. एवढे काम अर्ध्या तासात शिकता आले पाहिजे. जे सॉफ्टवेअर फक्त विकत घेतलेले संग्रह उघडते, त्याला सॅम्पलर म्हणू नये. तो वाजवणारा डबा आहे. डबा उत्तम असेल, पण आपली गरज ती नाही.

१८/
दुसरा: तो आवाजातील फरक सांभाळतो का? कातड्याचे वाद्य दोनदा सारखे वाजत नाही. डफ शेकल्यावर एक बोलतो, पहाटेच्या दवात दुसरे. एकच थाप सोळा वेळा तशीच वाजली की कान तत्काळ ओळखतो. म्हणून जोरानुसार वेगळी मुद्रणे निवडण्याची सोय हवी, आणि तीच थाप आली तरी आळीपाळीने वेगळे मुद्रण वाजवण्याची, ज्याला राउंड रॉबिन म्हणतात, तीही हवी. हिशेब करून पाहा. चार प्रकारच्या थापा, प्रत्येकीचे तीन जोर, प्रत्येक जोराची चार मुद्रणे: ४८ फाइली. प्रत्येकी दोन सेकंद धरली तर ९६ सेकंद. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका माइकवर हे सगळे सुमारे १४ एमबीत बसते.

१९/
चौदा एमबी! कॉन्टॅक्टसारख्या सॉफ्टवेअरचा कंपनीने दिलेला संग्रह अनेक दशके जीबी व्यापतो आणि त्यात हे वाद्य नसते. मोठ्या संग्रहाची टर उडवण्याचा हेतू नाही. व्हायोलिनचा सबंध ताफा मुद्रित करायला जागा लागतेच. पण 'जागा मोठी म्हणजे वाद्य खरे' हे समीकरण खोटे आहे. तुमच्या मोबाइलमधल्या एका लग्नाच्या व्हिडिओपेक्षा एक पूर्ण, श्वास घेणारा ढोल लहान असतो.

२०/
तिसरा: तो बारा सुरांच्या बाहेर जातो का? हार्मोनियमचे ठरीव सूर आपल्या संगीताला मानवत नाहीत या कारणावरून आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके ती पेटी दूर ठेवली. तो वाद जुना, पण मुद्दा जिवंत आहे. किंगरीचा किंवा पेपऱ्याचा सूर पियानोच्या पट्टीवर नेमका बसेलच असे नाही. तो ओढून बसवला तर वाद्याची ओळखच जाते. प्रत्येक पट्टीचा सूर सेंटच्या मापाने, म्हणजे अर्ध्या सुराच्या शंभराव्या भागाने, वेगळा लावता आला पाहिजे. ही सोय जेथे दडवलेली आहे किंवा नाही, तेथून उठावे.

२१/
चौथा, आणि इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा: हे वाद्य दहा वर्षांनी उघडेल का? गिगासॅम्पलर आठवा. पुढे टास्कॅम कंपनीने तो घेतला, गिगास्टुडिओ नावाने वाढवला आणि २००८ मध्ये बंद केला. त्याच्या स्वरूपात साठवलेले संग्रह एका कंपनीच्या निर्णयाने पोरके झाले. ज्यांनी रूपांतर केले त्यांचे वाचले. म्हणून वाद्याची मांडणी खुल्या स्वरूपात असावी. एसएफझेड हे असे स्वरूप आहे: आवाज साध्या वेव्ह फाइलींत आणि मांडणी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, जी नोटपॅडमध्येही वाचता येते. कंपनी बुडाली तरी मजकूर वाचता येणार. अभिलेखागारात बसणाऱ्या माणसाला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

२२/
पाचवा: तो आपल्या परिस्थितीत चालतो का? आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, खंडित वीज, मोबाइलच्या डेटावर चालणारे इंटरनेट. प्रयोगाच्या रात्री एखाद्या गावाबाहेरच्या मंडपात सॉफ्टवेअरने परवाना तपासण्यासाठी नेटवर्क मागितले तर नाटक थांबेल. दहा-वीस जीबी उतरवल्याशिवाय जे सुरू होत नाही, ते कितीही गुणी असले तरी आपल्यासाठी अष्टपैलू नाही. बर्लिनमध्ये बसून केलेल्या तुलनांत हा प्रश्न नसतो. म्हणून तो आपण विचारायचा.

२३/
आता नावे. वाद्य बांधण्यासाठी टीएक्स१६डब्ल्यूएक्स घ्यावा: मोफत आवृत्ती आहे, आणि पट्ट्या, जोर, आळीपाळी सगळे बारकाईने लावता येते. वाजवण्यासाठी प्लोगचा सोर्झांडो किंवा डीसेंट सॅम्पलर. दोन्ही मोफत, दोन्ही हलके. सोर्झांडो थेट एसएफझेड उघडतो. डीसेंट सॅम्पलरची मांडणीही साध्या मजकुरातच असते आणि तो विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. रीपर वापरणाऱ्यांकडे त्याचा छोटा सॅम्पलर आधीच आहे. एखाद-दोन थापांना तो पुरतो. मॅकवर लॉजिक असेल तर त्यातला सॅम्पलर पुरेसा समर्थ आहे, वेगळा खर्च करू नये. पण कशातही बांधले तरी मूळ वेव्ह फाइली आणि एसएफझेडची एक प्रत वेगळी ठेवावी.

२४/
"मग कॉन्टॅक्ट वाईट का?" मुळीच नाही. पूर्ण आवृत्तीत वाद्य बांधण्याची त्याची ताकद फार मोठी आहे, आणि तयार पाश्चात्त्य वाद्यवृंद हवा असेल तर त्याच्याइतके पर्याय दुसरीकडे नाहीत. पण त्याची मोफत आवृत्ती परवानाधारक संग्रहच पूर्ण चालवते. इतर वाद्ये पंधरा मिनिटांनी गप्प होतात. त्यामुळे आपल्याकडे काय होते, ते सर्वांना ठाऊक आहे: पेनड्राइव्हवरून चोरीची प्रत. ज्या संगीतकाराला आपल्या गाण्याची चोरी झाल्याचा संताप येतो, त्याने दुसऱ्याच्या श्रमाची चोरी करून सुरुवात करू नये. तसे काम आणि तसा मोबदला मिळू लागला की विकत घ्यावा. पहिले वाद्य मात्र त्याच्यावाचून होते.

२५/
सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे: "ढोल सॅम्पल केला की ढोलवाल्याला कोण बोलावणार?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. मेलोट्रॉन आला तेव्हा ब्रिटनच्या वादक संघटनेनेही हीच भीती बोलून दाखवली होती. माझे उत्तर असे. ज्या नाटकात आज ढोलवाला नाहीच आणि त्याच्या जागी परका काँगा वाजतो, तेथे सॅम्पल त्याची जागा घेत नाही. त्याची आठवण परत आणते. जेथे तो आज बसतो, तेथे त्याला उठवून सॅम्पल लावणे ही वादकाच्या ताटातली भाकरी उचलणे आहे. दोन्हींत फरक करता येतो, आणि तो करण्याची जबाबदारी निर्मात्याची आहे.

२६/
"प्रेक्षकांना काय कळते? पहाटेपर्यंत जागणाऱ्याला तुडुम आणि ताइको सारखेच." हे ऐकले की मला राग येतो. ज्या प्रेक्षकाला झाडीबोलीतला एक शब्द पुण्याचा झाला तरी खटकतो, त्याचे कान आवाजापुरतेच बधिर कसे होतील? तो तक्रार करत नाही, कारण त्याला पर्याय दिलेला नाही. कमी अपेक्षा ठेवून कमी द्यायचे आणि मग त्याच्या गप्प राहण्याला पसंती म्हणायचे, हा युक्तिवाद जंगलाच्या बाबतीतही झाला होता.

२७/
मुद्रण कसे करावे, याचे किमान नियम. वादकाला आधी सांगावे की त्याच्या थापा तुकड्यांत साठवून कीबोर्डवर वाजणार आहेत. तुमच्या लॅपटॉपवर एक नमुना वाजवूनच दाखवावा. मानधन त्याच दिवशी द्यावे. पुढे संग्रह विकला तर वाटा किती, हे मराठीत किंवा त्याला कळेल त्या भाषेत एका कागदावर लिहावे. काही ठेके देवकार्याचे असतात. ते मुद्रित करायचे की नाही हे गावाने ठरवावे, आणि नकार आला तर माइक गुंडाळावा. नकाराचा अधिकार नसेल तर संमतीला अर्थ उरत नाही.

२८/
आणि प्रत्येक संग्रहासोबत एक मजकुराची फाइल: वाद्याचे स्थानिक नाव, गाव, तारीख, कातडे कोणते, माइक कोणता, वादकाचे नाव त्याच्या इच्छेनुसार, वापराच्या अटी. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता गुरुग्राम येथे असलेल्या लोकसंगीत-संशोधनाच्या ध्वनिसंग्रहालयात मुद्रणासोबत असा तपशील जपण्याला मुद्रणाइतकेच महत्त्व असते. आपण घरच्या टेबलावर तेच करायचे. एसएफझेडच्या मांडणीतही टिपणीच्या ओळी लिहिता येतात. वाद्याच्या आतच त्याचे गाव लिहिलेले असेल, तर भामरागडचा ढोल चार वर्षांत आफ्रिकेचा होणे अवघड जाते.

२९/
तेव्हा थोडक्यात सांगायचे तर: आवाज मोजू नका, छिद्र पाहा. आत घेता येते का, बदलता येते का, बाहेर नेता येते का, आणि ज्याचा आवाज त्याचे नाव टिकते का. पहिल्या तीन गोष्टी सॉफ्टवेअर देते. चौथी देणारे सॉफ्टवेअर अजून निघालेले नाही. ती वापरणाऱ्यालाच द्यावी लागते. या हंगामाच्या आधी एकच वाद्य, ४८ फाइली, नीट विचारून आणि नीट लिहून करून पाहा.

३०/
मतभेद असतील तर खाली जरूर लिहा. विशेषतः वादक मंडळींनी. स्टुडिओवाल्यांची बाजू येथे बरीच आली, ज्यांच्या हातात वाद्य आहे त्यांची कमी आली आहे. ज्यांना एसएफझेडची पहिली फाइल लिहिताना अडचण येईल त्यांनीही विचारावे. पुढच्या धाग्यात डफाच्या एका संचाची मांडणी ओळीओळीने समजावून देईन. धागा उपयोगी वाटला तर वडसा, ब्रह्मपुरी, मूल, सिंदेवाहीकडच्या आपल्या संगीतकार मित्रांपर्यंत पोचवावा.